पिसांतली गळती

दिल्लीच्या करोल बागेत 'बँक स्ट्रीट' नावाचा एक रस्ता आहे. नाव ऐकून तेथे बँकांच्या शाखांची रांग असेल असा कोणाचाही समज व्हावा; प्रत्यक्षात हा रस्ता प्रसिद्ध आहे तो सराफी पेढ्यांसाठी. या पेढ्यांच्या मागच्या गल्ल्यांत, जिन्याखालच्या अरुंद खोल्यांत सोन्या-चांदीच्या गलाईचे काम चालते आणि तेथे कान देऊन उभे राहिल्यास माणदेशी मराठी हमखास ऐकू येते. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी हा दुष्काळी टापू. पावसाने पाठ फिरवल्यामुळे या भागातील माणसे पिढ्यानपिढ्या गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पांगली. त्यांतील काही करोल बागेत स्थिरावली.

गलाई हा गळती रोखण्याचा व्यवसाय आहे. सोनाराच्या दुकानातील केरसुद्धा येथे फेकला जात नाही; तो जाळून, गाळून त्यातील सोन्याचे कण वेगळे काढले जातात. या कष्टातून साठलेला पैसा गावाकडे परततो. त्यातून घर बांधले जाते, विहीर खोदली जाते, आणि कोठे कोठे कोंबड्यांची शेडही उभी राहते. विटा आणि आसपासचा परिसर गलाई व यंत्रमागाइतकाच अंडी उत्पादनासाठीही ओळखला जातो. कमी पाण्यावर चालणारा आणि रोज रोख पैसा देणारा हा व्यवसाय अवर्षणप्रवण भागाला मानवला, यात नवल नाही.

मात्र मालक करोल बागेत आणि शेड दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर, अशी स्थिती असली की देखरेख दूरध्वनीवर येते. 'आज अंडी किती?' हा प्रश्न रोज विचारला जातो. अंडी थोडी कमी झाली तर कारणे तयारच असतात: खाद्य बदलले, हवा बदलली, पक्ष्यांचे वय झाले. कोंबडीच्या पिसांत बोट घालून पाहिले का, असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. सोन्याच्या केराचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या पैशाला नेमकी येथेच गळती लागलेली असते.

ही गळती किती, हे उदाहरणाने पाहू. समजा, शेडमध्ये अंड्यावरचे पाच हजार पक्षी आहेत आणि उत्पादन नव्वद टक्के, म्हणजे रोज ४,५०० अंडी आहे. उवा आणि माइट यांच्या उपद्रवाने ते पंच्याऐंशी टक्क्यांवर आले, तर रोज २५० अंडी कमी झाली. अंड्याला पाच रुपये भाव धरला तरी दिवसाला १,२५० आणि महिन्याला ३७,५०० रुपये गेले. खाद्याचा खर्च मात्र तसाच राहतो. एका पक्ष्याला दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य लागते, म्हणजे साडेपाच क्विंटल खाद्य रोज घालावेच लागते. कर्जाचा हप्ता साधारणपणे याच महिन्याच्या शिलकीतून फेडला जातो. पक्ष्यांचा विमा असला तरी तो पक्षी दगावल्यास भरपाई देतो, न घातलेल्या अंड्यांची नव्हे. परजीवींमुळे पक्षी सहसा एकदम मरत नाहीत, आणि म्हणूनच हा तोटा कोणत्याही वहीत स्वतःच्या नावाने लिहिला जात नाही.

दिवसाचे आणि रात्रीचे

गावाकडे या साऱ्या किड्यांना सरसकट 'उवा' किंवा 'पिसवा' म्हटले जाते. बोलण्यापुरते ते ठीक आहे. उपाय करताना मात्र हा सरसकटपणा महागात पडतो. एका किड्याचा मुक्काम पक्ष्यावर असतो, तर दुसऱ्याचा भिंतीच्या फटीत. ज्याचे घर भिंतीत आहे त्याच्यासाठी पक्ष्यावर औषध मारणे म्हणजे चोर पळून गेल्यावर घरमालकाची झडती घेण्यासारखे आहे.

ऊ ही पक्ष्याच्या अंगावरच जन्मते आणि तेथेच मरते. कोंबडीच्या अंगावरची ऊ फिकट पिवळसर, दोन ते साडेतीन मिलिमीटर लांबीची असते. शेपटीखालची पिसे बाजूला सारून उजेड पाडला की ती चटकन पळताना दिसते. पिसांच्या मुळाशी तिच्या अंड्यांचे, म्हणजे लिखांचे, पांढरट गठ्ठे चिकटलेले आढळतात. ती पिसांचा व कातडीचा कोंडा खाते. काही जाती कोवळी पिसे कुरतडून रक्तही मिळवतात. पक्षी सतत खाजवतो, त्याची झोपमोड होते, वजन घटते आणि अंडी कमी होतात. पक्ष्यापासून वेगळी झालेली ऊ मात्र आठवडाभरात मरते. कोंबडीची ऊ माणसाच्या डोक्यात होत नाही, हेही येथे सांगून टाकावे. कारण या भीतीने कामगार पक्षी हातात धरायला कचरतात.

तांबड्या माइटचा शिरस्ता याच्या नेमका उलट आहे. आठ पायांचा हा कोळीवर्गीय जीव जेमतेम पाऊण ते एक मिलिमीटर लांबीचा असतो. दिवसा तो लाकडाच्या फटीत, पिंजऱ्याच्या सांध्यात किंवा अंड्याच्या ट्रेच्या घडीत दडून राहतो. रात्री बाहेर येऊन रक्त पितो आणि पुन्हा फटीत जातो. उष्ण हवेत त्याची एक पिढी आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. रिकाम्या शेडमध्ये तो रक्ताविना कित्येक महिने तग धरू शकतो. त्यामुळे जुना लॉट विकून शेड तीन आठवडे बंद ठेवली की उवा संपतात, पण माइट संपत नाहीत. नव्या तलंगा आल्या की पहिल्याच रात्री त्यांची पंगत बसते. माइटची आणखी एक जात पक्ष्याच्या अंगावरच, गुदद्वाराभोवती राहते आणि तेथील पिसे मळकट, काळपट करते.

कोरड्या, उष्ण प्रदेशात यात कोंबड्यांच्या गोचिडीची भर पडते. तीही रात्री रक्त पिणारी आणि फटीत राहणारी आहे. मोठी गोचीड दोन-दोन वर्षे उपाशी राहू शकते. शिवाय तिच्यामार्फत स्पायरोकीटोसिस हा ताप आणणारा, पक्षी दगावणारा रोग पसरतो. पायांवरचे खवले उचलून आत शिरणारा माइट परसातील वयस्क कोंबड्यांत अधिक दिसतो. पाय खडबडीत व चुनकटलेले दिसू लागले की तो ओळखावा. अशा पायांना खाद्यतेल किंवा पेट्रोलियम जेली काही आठवडे नेमाने लावल्यास त्याचा श्वास कोंडतो.

पोटातील जंत आणि रक्ती हगवण हा स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच नोंदवायचे की या दोहोंचा संबंध ओल्या गादीशी आहे. गादी पद्धतीत पाण्याच्या भांड्याखालचे तूस भिजलेले राहिले, तर कोणतेही जंतनाशक फार काळ पुरत नाही.

कोंबडीची स्वतःची दोन हत्यारे

आजीच्या काळी परसातील कोंबड्यांना कोणी फवारणी करीत नसे. चुलीतील राख उकिरड्याच्या कडेला पडे आणि कोंबड्या तीत लोळत. त्या लोळण्याला आपण खेळ समजतो. वस्तुतः ती अंघोळ असते. बारीक राख व माती पिसांच्या मुळाशी जाते, किड्याच्या अंगावरचे तेलकट आवरण निघते आणि तो सुकून मरतो. दुसरे हत्यार म्हणजे चोच. चोचीची वरची अणकुची नखासारखी वापरून कोंबडी पिसे विंचरते आणि उवा टिपते.

व्यापारी कुक्कुटपालनात ही दोन्ही हत्यारे आपण काढून घेतली. पिंजऱ्यात माती नाही, आणि पक्ष्यांनी एकमेकांना टोचू नये म्हणून चोचीचे टोक छाटलेले असते. चोच छाटलेल्या पक्ष्यांवर उवा व माइट अधिक वाढतात, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. पिंजरा पद्धत चूक, असा याचा अर्थ नाही. पाच हजार पक्षी उकिरड्यावर सोडता येत नाहीत. मात्र जे काम पक्षी स्वतः करीत होता ते आता मालकाने करायचे आहे, ही जबाबदारी पिंजऱ्याच्या किमतीबरोबरच विकत घेतली जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी २०१२ मध्ये धुळीच्या अंघोळीचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत बारीक गंधक मिसळलेली धूळ सर्वांत परिणामकारक ठरली. आजीच्या राखेला प्रयोगशाळेने दिलेला हा दुजोराच म्हणायचा. गादीवर किंवा परसात पक्षी असतील, तर एका उथळ पेटीत कोरडी माती व चाळलेली राख ठेवणे हा आजही सर्वांत स्वस्त उपाय आहे.

औषध कोणते, किती आणि पुन्हा केव्हा

रासायनिक औषधाची वेळ येतेच. पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही या वर्गातील नेहमीची नावे. पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणातच ती वापरावीत. बहुतेक औषधे हालचाल करणारा किडा मारतात. लिखा आणि अंडी मात्र वाचतात. त्यामुळे एकच फवारणी करून थांबणे म्हणजे मुद्दल ठेवून केवळ व्याज भरण्यासारखे आहे. उवांसाठी दहा ते चौदा दिवसांनी आणि तांबड्या माइटसाठी पाच ते सात दिवसांनी दुसरी फवारणी न चुकता करावी लागते. माइट व गोचिडीसाठी ती पक्ष्यांपेक्षा फटी, खांब, पिंजऱ्यांचे सांधे आणि छताच्या कडा यांवर अधिक हवी. शेड रिकामी झाल्यावर फ्लेम गनने सांधे भाजून घेणे, फटी सिमेंटने बुजवणे व चुना मारणे हा खर्च एका लॉटमध्ये वसूल होतो.

कृषी सेवा केंद्रात शेतीसाठी मिळणारे जहाल कीटकनाशक 'थोडे पातळ करून' शेडमध्ये मारण्याची सवय अद्याप गेलेली नाही. कार्बारिल हे एके काळी कोंबड्यांच्या उवांवरचे सर्रास वापरातले औषध होते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्यावर बंदी आणली. कपाटातील जुने डबे म्हणूनच एकदा तपासून पाहावेत.

चुकीच्या औषधाची किंमत किती मोठी असू शकते, हे २०१७ च्या उन्हाळ्यात युरोपने पाहिले. नेदरलँड्स आणि बेल्जियम येथे तांबड्या माइटच्या बंदोबस्तासाठी वापरलेल्या, वनस्पतिजन्य म्हणून विकल्या गेलेल्या एका द्रावणात फिप्रोनिल हे कीटकनाशक मिसळलेले आढळले. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांवर त्याचा वापर तेथे निषिद्ध आहे. ते चरबीत विरघळते, म्हणून थेट पिवळ्या बलकात उतरते. दीडशेहून अधिक डच फार्म तात्पुरते बंद करावे लागले, लक्षावधी अंडी दुकानांतून परत घेतली गेली आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. बहुसंख्य फार्ममालकांनी केवळ फवारणी करणाऱ्या कंत्राटदारावर विश्वास ठेवला होता. औषधाचे वेष्टन आणि देयक जपून ठेवणे व अंड्यांसाठी सांगितलेला विक्रीबंदीचा काळ वहीत टिपणे, हे दोन मिनिटांचे काम आहे.

ट्रेचा परतीचा प्रवास

करोल बागेत थंडी पडली की कोपऱ्याकोपऱ्यावर उकडलेल्या अंड्यांच्या गाड्या लागतात. दिल्लीला अंडी पुरविणाऱ्या पट्ट्यांपैकी हरियाणातील बरवाला हा एक प्रमुख पट्टा. तेथून येणारी अंडी कागदी लगद्याच्या ट्रेमधून येतात. अंडी संपतात, पण ट्रे संपत नाही. तो गोळा होतो, विकला जातो आणि पुन्हा एखाद्या फार्मवर पोहोचतो. बरवाला असो वा विटा, हा व्यवहार सारखाच चालतो. त्या ट्रेच्या खळग्याखाली माइटला उत्तम निवारा मिळतो आणि एका फार्मवरचा किडा दुसऱ्या फार्मवर फुकट प्रवास करतो. धुता येणारे प्लॅस्टिकचे ट्रे वापरावेत. निदान परत आलेले कागदी ट्रे शेडमध्ये नेऊ नयेत. विक्रीच्या पक्ष्यांचे क्रेट शेडच्या दारापुढे येऊ न देणे आणि चिमण्या-कबुतरांसाठी जाळी लावणे, या गोष्टी त्याच मालिकेतील आहेत. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू आढळल्यानंतर फार्मवरच्या ये-जा बंदीची शिस्त पुष्कळांनी अंगीकारली. ती पाळली तर उवा-माइटही आपोआप आटोक्यात राहतात.

भांडवलाच्या दृष्टीने एक सोय लक्षात घेण्याजोगी आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ मधील निर्देशांनुसार किसान क्रेडिट कार्डाची खेळत्या भांडवलाची सुविधा पशुपालन व कुक्कुटपालनासाठीही खुली झाली. खाद्याबरोबर पशुवैद्यकीय खर्चाचाही त्या मर्यादेत विचार होतो. प्रकल्प अहवालात औषध व फवारणीच्या रकान्यात अंदाजे एखादा आकडा टाकण्याऐवजी वर्षातील नेमक्या फवारण्या मोजून रक्कम लिहिली, तर शाखेतील अधिकाऱ्यालाही प्रस्तावाचे मूल्यमापन सोपे जाते.

दिवाळीला करोल बागेतील दुकाने काही दिवस बंद होतात आणि माणदेशची माणसे गावी जातात. थंडीची चाहूल लागलेली असते आणि उवा वाढण्याचाही हाच काळ असतो. शेडवर दिवसा फेरफटका मारून फारसे काही कळत नाही. रात्री दिवे मालवून तासाभराने विजेरी घेऊन आत जावे. पिंजऱ्याच्या सांध्याखाली पांढरा कागद धरून वर हलकेच ठोकावे. कागदावर पडलेला राखाडी ठिपका चालू लागला आणि बोटाने चिरडल्यावर तांबडा डाग उमटला, तर तो माइट. मग वेगवेगळ्या रांगांतील दहा-वीस पक्षी हातात घेऊन शेपटीखालची पिसे फुंकर मारून पाहावीत, तुरे फिकट झालेत का ते पाहावे, अंड्यांवर रक्ताचे बारीक डाग आहेत का तेही पाहावे. कामगारांना रात्री हातापायांना खाज सुटते का, हे विचारून घ्यावे. जे दिसेल ते तारखेसह वहीत लिहावे आणि दुसऱ्या फवारणीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करून ठेवावी. करोल बागेत परतल्यावर रोजच्या दूरध्वनीत 'आज अंडी किती?' याच्या जोडीला 'कागदावर काय पडले?' हेही मग विचारता येते.