जामीन बुडवून निघालेला इंग्रज

१५८४ च्या एप्रिलमध्ये तीन इंग्रज गोव्यातून पळाले. नदी ओलांडून ते आदिलशाही मुलखात शिरले. वाट ठाऊक नव्हती आणि वाटाड्या घ्यावा तर भरवसा कुणाचा धरायचा? दोन दिवस जीव मुठीत धरून ते पायीच चालत राहिले. त्यांच्यातला राल्फ फिच हा लंडनचा व्यापारी. जामीन राहिलेल्यांचे काय होईल, याची त्याने फार फिकीर केलेली दिसत नाही.

तो निघाला होता मोठ्या थाटात. १५८३ च्या फेब्रुवारीत ‘टायगर’ जहाजाने लंडन सोडले, तेव्हा मोहिमेचा म्होरक्या होता जॉन न्यूबेरी. सोबत विल्यम लीड्स हा जवाहिऱ्या आणि जेम्स स्टोरी हा चित्रकार. अकबराच्या आणि चीनच्या बादशहाच्या नावे एलिझाबेथ राणीने दिलेली पत्रेही होती. (शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधली चेटकीण अलेप्पोला गेलेल्या ज्या ‘टायगर’चा उल्लेख करते, ते हेच जहाज असावे, असे अभ्यासक मानतात.) आफ्रिकेला वळसा घालणारा सागरी मार्ग पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. म्हणून ही मंडळी सीरियातून अलेप्पो, बगदाद, बसरा करत होर्मुझला पोहोचली.

तिथे घात झाला. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना नवे भागीदार नको होते. त्यांच्यातल्या एकाने पोर्तुगीज किल्लेदाराचे कान भरले, की हे हेर आहेत. आरोप पटण्याजोगा होता. १५८० मध्ये स्पेनच्या फिलिपने पोर्तुगालची गादी बळकावली होती आणि तिचा दुसरा दावेदार डॉम अंतोनियो याला इंग्लंडची सहानुभूती होती. भरीला फ्रान्सिस ड्रेकने मोलुकास बेटांजवळ एका पोर्तुगीज जहाजावर तोफा डागल्याचा राग ताजा होता. ड्रेकचा हिशेब या चौघांकडून चुकता करायचे ठरले आणि त्यांची रवानगी गोव्याच्या तुरुंगात झाली.

या टप्प्यावर गोष्टीत मराठीशी जोडलेला एक माणूस येतो. १५७९ पासून गोव्यात असलेला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स, म्हणजेच पुढे १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता. त्याने आणि डच माणूस लिन्सखोटेन याने खटपट केली, तेव्हा नाताळच्या सुमारास कैदी जामिनावर सुटले. स्टोरीला जेझुइटांनी चर्चमधली चित्रे काढण्यासाठी ठेवून घेतले. पुढे तो त्यांच्यातून बाहेर पडला आणि लग्न करून गोव्यातच राहिला. चौघांत शहाणा कदाचित तोच.

उरलेल्या तिघांना पोर्तुगालला धाडले जाण्याची धास्ती होती, म्हणून ते निसटले. बेळगावात त्यांना हिरे-माणकांचा बाजार दिसला, मग विजापूर, गोवळकोंडा, वऱ्हाडातले बाळापूर, बऱ्हाणपूर. रस्ता हिऱ्यांच्या प्रदेशातून गेला, हा योगायोग वाटत नाही. सोबत जवाहिऱ्या होता. आग्रा आणि फत्तेपूर ही दोन्ही शहरे लंडनपेक्षा कितीतरी मोठी असल्याची नोंद फिचने केली आहे. सोळाव्या शतकातला इंग्रज हिंदुस्थानाकडे कसा पाहत होता, हे या नोंदीतून जेवढे कळते तेवढे जाडजूड ग्रंथांतून कळत नाही. त्या नजरेत तुच्छता नाही, आहे तो गिऱ्हाइकाचा हिशेब.

राणीच्या पत्राचे अकबराकडे काय झाले, यावर फिच गप्प आहे. लीड्स मात्र बादशहाच्या चाकरीत राहिला. त्याला घर, घोडा आणि पाच गुलाम मिळाले. न्यूबेरी १५८५ च्या सप्टेंबरात इराणमार्गे परतायला म्हणून लाहोरकडे निघाला, तो कायमचा बेपत्ता झाला. एकटा उरलेला फिच मीठ, अफू, हिंग आणि गालिचे वाहणाऱ्या १८० नावांच्या तांड्यासोबत यमुना-गंगेतून बंगालात उतरला. सोनारगावचे तलम सुती कापड पाहून तो पेगूला, तिथून चिआंग माई आणि मलाक्कापर्यंत गेला. परतताना गोव्यात तीन दिवस लपून राहिला, मग चौलला २३ दिवस थांबला. २९ एप्रिल १५९१ रोजी तो लंडनला पोहोचला, तेव्हा लोकांनी त्याला मेलेला समजून मृत्युपत्राची कार्यवाहीही उरकली होती.

त्याचा वृत्तांत हॅक्लुटच्या प्रवाससंग्रहात छापला गेला. त्यातला बराच मजकूर व्हेनिसच्या सेझारे फेदेरिची याच्या प्रवासवर्णनातून उचललेला आहे. आठ वर्षे वणवण करून आलेल्या माणसाने दुसऱ्याचे वर्णन का वापरावे? बहुधा लिहिणे हे त्याचे काम नव्हते. बाजार, माल, बंदरे आणि दरबार यांची त्याच्या डोक्यातली माहिती, हीच त्याची कमाई. म्हणूनच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहत असताना, १६०० मध्ये, तिच्या चालकांनी फिचचा सल्ला घेतला. १६०६ मध्ये पूर्वेकडच्या राजांना पत्रे धाडायची वेळ आली. कोणत्या राजाला कोणत्या किताबाने संबोधायचे, हे विचारायला कंपनीने पुन्हा त्यालाच गाठले.