गिअर पडत नाही? आधी पेडल पाहा

मंडळी, आमच्या गावात घडलेली एक गोष्ट सांगतो. मृगाचा पाऊस झाला होता. जमिनीला चांगला वाफसा आला होता. जो तो पेरणीच्या घाईत होता. अशा वेळी माझा एक जुना विद्यार्थी तोंड वाळवून माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"काय रे, शेत सोडून इकडे कसा?" मी विचारले.

"काय सांगू गुरुजी! ट्रॅक्टरचा गिअर पडंना झालाय. दांडा ढकलला की करकर वाजतंय. मिस्त्री म्हणतो, गिअरपेटी उघडायला लागंल. चार दिवस जातील. पैसे लागतील ते वेगळेच. बँकेचा हप्ता अजून फिटला नाही. आणि वाफसा काय चार दिवस थांबतोय व्हय?"

मी शाळामास्तर. यंत्रातले मला काय कळणार? पण आमच्या आळीत एक म्हातारे ड्रायव्हर राहतात. त्यांनी तीस वर्षे ट्रॅक्टर चालवला आहे. आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो. त्यांनी जे दाखवले ते सर्वांच्या उपयोगी पडेल. म्हणून इथे लिहितो.

गिअर का वाजतो?

रसाचा चरक तुम्ही पाहिला असेल. त्याला दातेरी चाके असतात. एकाचे दाते दुसऱ्याच्या खाचेत बसतात. गिअरपेटीतही अशीच लहानमोठी दातेरी चाके असतात. आपण दांडा हलवतो तेव्हा त्यांची जोडी बदलते.

आता विचार करा. एक चाक गरगर फिरते आहे आणि दुसरे उभे आहे. त्यांचे दाते एकमेकांत कसे बसतील? ते घासणार आणि करकर वाजणार. चालत्या बैलाच्या मानेवर जू ठेवता येत नाही. आधी बैल थांबवावा लागतो. गिअरचेही तसेच आहे.

हे थांबवण्याचे काम क्लच करतो. क्लच इंजिन आणि गिअरपेटी यांच्या मध्ये असतो. पेडल पूर्ण दाबले की इंजिनाचा आणि गिअरपेटीचा संबंध तुटतो. मग आतली चाके थांबतात आणि गिअर अलगद पडतो. हा संबंध अर्धवटच तुटला तर गिअर अडतो. म्हणजे दुखणे असते क्लचचे, आणि ओरड होते गिअरची!

पहिली पाहणी : इंजिन बंद ठेवून

म्हाताऱ्यांनी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करायला सांगितला. इंजिन बंद केले. चाकांना दगड लावले. मग क्लच दाबून एकेक गिअर टाकून पाहिला. सगळे गिअर नीट पडले.

"दांडा आणि आतली चाकं ठीक दिसतात," ते म्हणाले.

असे पाहताना एखादा गिअर अडला तर घाबरू नये. दात्यावर दाता आला असेल. दगड काढावे, न्यूट्रल करून ट्रॅक्टर तसूभर ढकलावा आणि पुन्हा पाहावे. तरीही अडला, तर मात्र दोष दांड्यात किंवा पेटीच्या आत आहे.

दुसरी पाहणी : इंजिन चालू ठेवून

आधी न्यूट्रल केले. ट्रॅक्टरच्या पुढे-मागे कोणी नाही ना, हे पाहिले. मग इंजिन चालू केले आणि हातातली रेस अगदी कमी केली. रेस जास्त असली तरी गिअर वाजतो. क्लच पूर्ण दाबून पाच आकडे मोजले. मग गिअर टाकला.

इतके थांबल्यावर आवाज गेला, तर चूक आपल्या घाईची. पण इथे करकर तशीच राहिली. म्हणजे क्लच पुरता सुटत नव्हता.

पेडलची मोकळी चाल

इंजिन बंद करून म्हाताऱ्यांनी क्लचचे पेडल हाताने दाबले. पेडल आधी थोडे हलके जाते. मग जड लागते. या हलक्या अंतराला मोकळी चाल म्हणतात. ती साधारण इंचभर असते. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

पट्टीने मोजले. चाल तीन इंच भरली! पाय निम्मा खाली जाईपर्यंत क्लचला पत्ताच लागत नव्हता. त्यातच पेडलखाली वाळलेला चिखल साचला होता. त्यामुळे पेडल खाली टेकतही नव्हते.

चिखल खरवडून काढला. पेडलच्या सळईचा नट सैल केला. सळईची लांबी बेताने बदलली. पुन्हा मोजले आणि नट घट्ट आवळला. अर्ध्या तासाचे काम!

माझा विद्यार्थी म्हणाला, "आजोबा, मग मोकळी चाल ठेवताच कशाला? पुरतीच काढून टाकू की."

"तसं करू नको बाबा! चाल अजिबात नसली तर क्लच नेहमीच थोडा दाबलेला राहतो. मग तो घसरतो, तापतो, जळका वास येतो आणि प्लेट जाते. चालवताना पेडलवर पाय ठेवून बसलं तरी हेच होतं."

मिस्त्रीला केव्हा बोलवावे?

चाल बरोबर केली तरी गिअर वाजतोच, तर क्लच उघडून पाहावा लागतो. ट्रॅक्टर पावसाळाभर उभा राहिला तर प्लेट गंजून चिकटते. म्हणून बराच काळ उभा ठेवायचा असेल तर पेडल दाबून लाकडाने अडकवून ठेवतात.

गिअरपेटीतले ऑइलही पाहावे. ते कमी असेल तर भरावे. पण पुस्तिकेत सांगितले असेल तेच. ऑइल दुधासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. ऑइलमध्ये लोखंडाचे तुकडे निघाले तर पेटी उघडलीच पाहिजे.

आणि ओझे असताना गिअर आपोआप सुटत असेल, तर एक दिवसही काढू नका. भरलेली ट्रॉली उतारावर असताना गिअर सुटला तर इंजिनाचा आधार जातो. सगळा भार ब्रेकवर येतो. अशाने माणसे दगावतात. उतार लागण्याआधीच लहान गिअर टाकावा. उतारावर क्लच दाबू नये आणि न्यूट्रल तर कधीच करू नये.

दांड्याला हिसका देऊन गिअर बसवू नये, हेही ध्यानात ठेवा. आज करकर वाजते. उद्या दाते झिजतात. मग मात्र मिस्त्रीचे म्हणणे खरे होते.

त्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर शेतात गेला. वाफसा हातचा गेला नाही. संध्याकाळी माझा विद्यार्थी पुन्हा आला. त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पुस्तिका होती. ट्रॅक्टर घेतला तेव्हापासून ती पेटीतच पडून होती. त्याने पान उघडून दाखवले. मोकळ्या चालीचा आकडा तिथे मराठीत छापलेला होता.

"गुरुजी, हे घरातच होतं की!" तो म्हणाला.

मंडळी, आता तुम्हालाही वाचता येते. तुमच्या यंत्राची पुस्तिका कुठे ठेवली आहे, ती आजच शोधून काढा.