मधल्या सुट्टीतील व्हायोलिन

चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला जिंकला तो १७३९ च्या मे महिन्यात. त्याच्या दोनच वर्षे आधी, १७३७ साली, इटलीतील क्रेमोना नगरात स्त्रादिव्हारी हा व्हायोलिनचा थोर कारागीर निवर्तला होता. १५३४ पासूनच्या पोर्तुगीज अमदानीत वसईत चर्चे व मठ उभे राहिले आणि नेमक्या त्याच दोन शतकांत युरोपात व्हायोलिनला आजचा घाट लाभला. ज्याला बरोक म्हणतात ते संगीतही त्याच काळात बहरले.

हा झाला काळाचा योगायोग. परंतु पश्चिम किनाऱ्याशी या वाद्याचे नाते त्याहून सखोल आहे. गोमंतकात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकविले जाई. त्या परंपरेत वाढलेले, मजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभारला; संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. दुसरीकडे गजाननराव जोशी, वि. गो. जोग आणि दा. के. दातार यांनी हेच वाद्य रागदारीच्या मैफलीत मानाने बसविले. तेव्हा व्हायोलिन मराठी कानाला परके आहे, असे कोणी म्हणू नये.

अडचण आहे ती घड्याळाची आणि खिशाची. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफली बहुधा दक्षिण मुंबईत आणि बहुधा सायंकाळी होतात. विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटर. ज्या शिक्षकाला किंवा कारकुनाला दुसऱ्या दिवशी पहाटे उठावयाचे आहे, त्याने तिकीट काढून तेथे जावे आणि मध्यरात्रीच्या सुमारास घरी परतावे, ही अपेक्षा व्यवहार्य नव्हे.

यावर उपाय पूर्वी सापडलेला आहे. १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये, बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे अन्यत्र हलविली गेली असताना, पियानोवादिका मायरा हेस यांनी त्या रिकाम्या दालनांत भर दुपारी मैफली सुरू केल्या. १९४६ पर्यंत त्या १,६९८ झाल्या. प्रवेशमूल्य अवघे एक शिलिंग होते. कचेरीतील माणसे जेवणाच्या सुट्टीत येत, ऐकत आणि कामावर परत जात. पुढे लंडनच्या काही चर्चमधून दुपारच्या विनामूल्य मैफलींचा प्रघात रूढ झाला.

वसई-विरारमध्ये असे का होऊ नये? सकाळची शाळा सुटून दुपारची भरते, त्या वेळी दोन्ही सत्रांचे शिक्षक व विद्यार्थी गावातच असतात. पालिकेच्या व बँकांच्या कर्मचाऱ्यांनाही त्याच सुमारास सुट्टी असते. खर्चही फारसा नाही. बाखने १७२० साली केवळ एका व्हायोलिनसाठी लिहिलेल्या सहा रचनांना साथीदार लागत नाही, की ध्वनिक्षेपकही लागत नाही. उंच छताचे चर्च किंवा शाळेचे शांत सभागृह पुरे. त्यांतील ‘शाकोन’ ही सर्वांत विख्यात रचना सुमारे पंधरा मिनिटांची आहे. एकाच खर्जाच्या आकृतीवर पुन:पुन्हा नवे स्वरालंकार रचीत ती चढत जाते. एकाच बंदिशीचा विस्तार तासभर ऐकणाऱ्या श्रोत्याला ही पद्धती समजावून सांगावी लागणार नाही.

मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागेल. मैफल श्रोत्याला विनामूल्य असावी, वादकाकडून फुकट घेतलेली नसावी. लंडनच्या त्या मैफलींत नामवंत व नवोदित अशा सर्वांना सारखेच मानधन मिळे, आणि म्हणूनच त्या साडेसहा वर्षे टिकल्या. ‘प्रसिद्धी मिळेल’ एवढ्या आश्वासनावर तरुण वादकांना राबविण्याची रीत येथे शिरली, तर उपक्रम चार महिन्यांत बंद पडेल आणि दोष मात्र श्रोत्यांच्या अनास्थेला दिला जाईल. महानगरपालिका, महाविद्यालये आणि चर्चच्या संस्था यांनी हा मानधनाचा भार वाटून घ्यावा. महिन्यातून एकदा, पाऊण तास, एक वादक: आरंभाला एवढे पुरेसे आहे.