कळी उमलण्याआधी

स्टेव्हियाच्या शेंड्याला पांढरी बारीक कळी दिसली की मी कात्री घेते. फुलं उमलली की पानातली गोडी उतरते. गच्चीवर चार कुंड्या आहेत. खोड चार-पाच बोटं ठेवून वरचं सगळं कापायचं, धुवायचं आणि सावलीत जुन्या पंच्यावर पसरायचं. उन्हात टाकलं तर पानं काळपटतात. तीन-चार दिवसांनी पान मुठीत कुरकुरलं की देठं वेगळी करायची, कारण देठात फारशी गोडी नसते. उरलेली पानं मिक्सरमधून काढायची. झाकण मात्र लगेच उघडायचं नाही. हिरवी धूळ उडून घशात गेली, तर पाणी पिऊनही तोंड कितीतरी वेळ गोड राहतं.

हे झाड मूळचं पॅराग्वेकडचं. तिथले ग्वारानी लोक माटेच्या कडवट पेयात ही पानं घालत आले. वनस्पतिशास्त्रज्ञ बेर्तोनी यांनी १८९९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पानातून शुद्ध करून काढलेला गोड अर्क साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड असतो. भारतात २०१५ मध्ये परवानगी मिळाली ती या अर्काला. बाजारातली पुडी घेताना मागची बारीक अक्षरं वाचाच, कारण अर्काबरोबर भर म्हणून दुसरी पूडही असते.

बाबांना मधुमेह आहे. पूर्वी त्यांच्या कपात दोन चमचे साखर पडायची, म्हणजे चाळीसेक कॅलरी. आता चहा उकळताना घरच्या पानांच्या पुडीची चिमूट. जास्त पडली तर ज्येष्ठमधासारखी कडसर चव मागे राहते. "गोडी घोट गिळल्यावर येते गं," बाबा म्हणतात, आणि ते अगदी खरं आहे.

रव्याच्या लाडवांनी मात्र हात टेकायला लावले. स्टेव्हियाचा पाक होत नाही, तार येत नाही. साखर लाडू बांधते, हे तेव्हा हाताला कळलं. शेवटी खजूर घालून वळले आणि बाबांना एकच दिला, कारण खजुरातही साखर असतेच. "मग गूळ घाल ना," असं नातेवाईक मायेनं सुचवतात, तेव्हा मला काळजी वाटते. गुळाच्या कॅलरी जवळपास साखरेइतक्याच.

हल्ली बाबांना सांगूनच चिमूट थोडी थोडी कमी करते आहे. परवा शेजारी साखरेचा चहा मिळाला, तो त्यांनी अर्धा ठेवला. घरी येऊन म्हणाले, "फार गोड होता."