पटका, आडनाव आणि कायद्यातील यादी

(शाळेतील मूल आणि कायदा : लेखांक ६)

मागील लेखांकात शिक्षकांकडून होणाऱ्या शिक्षेसंबंधीच्या तरतुदी पाहिल्या. या लेखांकात मुलांनीच मुलांच्या केलेल्या छळाचा, आणि त्यातही ज्याची धार्मिक ओळख डोक्यावरच दिसते अशा शीख मुलाच्या छळाचा विचार करावयाचा आहे. छळ म्हणजे एखाद्या वेळची खोडी किंवा मैदानावरचे भांडण नव्हे. संख्येने किंवा ताकदीने वरचढ असलेल्या मुलांनी एकाच मुलाला एकाच कारणावरून पुन्हापुन्हा लक्ष्य करणे, आणि त्या मुलापाशी त्यातून सुटण्याचा मार्ग नसणे, ही त्याची लक्षणे होत. आणि ते कारण जेव्हा मुलाचा धर्म, जात, भाषा किंवा शरीर हे असते, तेव्हा मूल ते कारण घरी ठेवून शाळेत येऊ शकत नाही.

शीख मुलाच्या बाबतीत हे कारण बहुधा पटका हे असते. न कापलेले केस विंचरून माथ्यावर त्यांचा जुडा बांधतात आणि त्यावर टोकांना बंद असलेले चौकोनी कापड बसवून ते बंद घट्ट आवळतात. मोठ्या माणसाच्या पगडीऐवजी लहान मुले हा पटका वापरतात. मागच्या बाकावरून एका हिसक्यात तो ओढता येतो, पण सुटलेला जुडा पुन्हा बांधणे सात-आठ वर्षांच्या मुलाला जमत नाही, कारण सकाळी तो आईने किंवा वडिलांनी बांधून दिलेला असतो. त्यामुळे पहिल्या तासाला पटका निघाला तर उरलेला दिवस त्याला मोकळ्या केसांनी, सर्वांच्या नजरा झेलत काढावा लागतो. केस हे शीख परंपरेतील पाच ककारांपैकी, म्हणजे केस, कंगवा, कडे, कच्छ आणि कृपाण या पाच धर्मचिन्हांपैकी एक होत. शिक्षकाला जी पोरांची मस्ती वाटते, ती त्या कुटुंबाच्या दृष्टीने श्रद्धेवर घातलेला हात असते, आणि ही जाणीव नसलेला शिक्षक ‘चल, जागेवर बस’ एवढेच म्हणून प्रकरण मिटवतो.

आपल्या सोलापूर जिल्ह्याने शीख मुलाला परके मानावे, याला इतिहासात काहीच आधार नाही. ज्या संत नामदेवांची पायरी याच जिल्ह्यातील पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या महाद्वारात आहे, त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, आणि पंजाबातील घुमान येथे त्यांच्या स्मृतीची जी परंपरा जपली गेली, तिच्याच ओढीने २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले. नांदेडचे शीख धर्मपीठ, तख्त सचखंड श्री हजूर साहिब, तर महाराष्ट्रातच आहे. असे असूनही सोलापुरात शीख कुटुंबे मोजकीच असल्याने वर्गात पटका बांधणारे मूल बहुधा एकटेच असते, आणि ‘सरदारजींचे विनोद’ मात्र वर्गातील प्रत्येकाला पाठ असतात. हे विनोद थांबवावेत अशी याचिका २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा शाळकरी मुलांना होणारा त्रास हा तिच्यातील एक मुद्दा होता. नागरिकांनी कसे वागावे याची नैतिक नियमावली न्यायालय घालून देऊ शकत नाही, असे मत न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये व्यक्त केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये विषय पुन्हा सुनावणीस आला तेव्हा तो महत्त्वाचा असल्याचे न्यायालयाने म्हटले. न्यायालयाच्या २०१७ मधील संकोचात तथ्य आहे, कारण शाळेच्या आवारात काय चालू द्यावे हे ठरवण्याचे काम मुळात कायदेमंडळाचे आणि शिक्षण खात्याचे आहे.

ते काम समाजाच्या रेट्याने कसे घडते, हे अमेरिकेतील उदाहरणावरून कळते. ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर तेथील शीख मुलांना ‘दहशतवादी’ म्हणून हिणवले जाऊ लागले, आणि २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील एका शाळेत एका शीख विद्यार्थ्याचे केस दुसऱ्या विद्यार्थ्याने कापले. शीख कोअलिशन या संघटनेने त्यानंतर इतर नागरी हक्क संघटनांच्या साथीने पाठपुरावा केला आणि २००८ मध्ये शहराच्या शाळांसाठी पूर्वग्रहातून होणाऱ्या छळाविरुद्धचा नियम झाला. २०१० मध्ये मंजूर होऊन १ जुलै २०१२ पासून लागू झालेल्या न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात छळाच्या कारणांची यादीच दिलेली असून तीत वंश, वर्ण, वजन, अपंगत्व, लिंग यांच्याबरोबर ‘धर्म’ आणि ‘धर्माचरण’ ही दोन कारणे वेगवेगळी नोंदवली आहेत. हा भेद किरकोळ नाही. ‘आम्ही त्याच्या धर्माला नावे ठेवत नाही, फक्त डोक्यावरच्या त्या गाठोड्याला हसतो’ ही पळवाट ‘धर्माचरण’ या एका शब्दाने बंद होते. संघटनेने २०१४ मध्ये चार ठिकाणच्या शीख मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत निम्म्याहून अधिक मुलांनी, आणि पगडी बांधणाऱ्यांपैकी ६७ टक्के मुलांनी, छळ झाल्याचे सांगितले होते. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये धर्मावरून छळ होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आधारासाठी कायदा केला. या साऱ्या प्रवासात शीख समाजाने केवळ शिखांसाठी कायदा मागितला नाही, तर सर्वांच्या यादीत आपले दुखणे नावानिशी लिहून घेतले, आणि अल्पसंख्य समाजाला कायदा मिळतो तो बहुधा याच वाटेने.

महाराष्ट्राकडे वळल्यास चित्र अर्धवट दिसते. १९९९ च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियमात चिडवणे, शिवीगाळ करणे, धमकावणे, आचरट थट्टा करणे हे सर्व रॅगिंगमध्ये मोडते, ‘शैक्षणिक संस्थे’ची व्याख्या महाविद्यालयापुरती मर्यादित नाही, आणि तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करणे बंधनकारक आहे. परंतु दोन वर्षांपर्यंतचा कारावास आणि संस्थेतून काढून टाकणे या शिक्षा डोळ्यांसमोर ठेवून केलेला कायदा सहावीतल्या मुलाच्या बाबतीत वापरण्यास कोणताही मुख्याध्यापक धजावत नाही, आणि धजावू नये हेच बरे, कारण अठरा वर्षांखालील मुलासाठी बाल न्यायाची वेगळी चौकट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मानसिक छळास मनाई करते खरे, पण त्यातील कारवाई सेवानियमांनुसार होत असल्याने ते शिक्षकाला लागू पडते, बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलाला नाही. संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये कृपाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. वर्गात ओढल्या जाणाऱ्या पटक्याला मात्र राज्याच्या कोणत्याही शालेय नियमात नाव नाही.

ही उणीव सोलापूरला शीख मुलांहूनही अधिक जाणवावी, कारण चिडवण्यासाठी लागणारा शब्द येथे एकेकाळी कायद्यानेच पुरवला होता. ब्रिटिश काळातील गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, टकारी, भामटा अशा जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवण्यात आले. १९५२ मध्ये कायदा देशभर रद्द झाला, तरी ‘सेटलमेंट’ हे वस्तीचे नाव राहिले आणि वर्गात एखाद्याची पेन्सिल हरवली की संशय प्रथम तेथल्या मुलावर जाण्याची खोडही राहिली. अशा मुलाला अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार मिळेल की नाही हे जमातीवर आणि जिल्ह्यावर अवलंबून आहे : नागपूर किंवा अमरावतीचे कैकाडी मूल अनुसूचित जातीत मोडते, तर सोलापूरचे विमुक्त जातीत, त्यामुळे एकाच शब्दाने हिणवलेल्या दोन मुलांपैकी एकालाच तो कायदा ओळखतो. कारणांची स्पष्ट यादी असलेला शालेय कायदा झाला तर पटका, आडनाव, वस्ती आणि घरी बोलली जाणारी भाषा ही चारही कारणे तीत शेजारीशेजारी येतील. तेलुगू बोलणाऱ्या घरांची मोठी संख्या असलेल्या या शहरात चौथे कारणही कमी महत्त्वाचे नाही.

तोपर्यंत हाताशी असलेले साधन म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शासकीय आणि अनुदानित शाळांत तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही, ही त्यातील मोठी फट. जेथे समिती आहे तेथे पालकांनी चिडवण्याच्या तक्रारींची वेगळी नोंदवही ठेवण्याचा ठराव इतिवृत्तात घ्यावा. तीत तारीख, वापरलेला शब्द, चिडवण्याचे कारण आणि शिक्षकाने केलेली कार्यवाही एवढे चारच रकाने पुरेत, आणि दोन्ही मुलांची नावे गोपनीय राहावीत.   सोलापुरातील दहा शाळांच्या अशा नोंदवह्या गुरुद्वाऱ्याचे विश्वस्त, विमुक्तांच्या संघटना आणि पालक मिळून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांपुढे आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोगापुढे ठेवू शकतात.