ज्वालामुखीच्या तळघरातील धातू

आपल्या सभासदांपैकी कोणी तांब्या-पितळेची भांडी विकतात, कोणी सोन्या-चांदीचा व्यवहार करतात. परंतु हे धातू भूमीच्या पोटात एके ठिकाणी साठतात तरी कसे, याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हणून त्याविषयी चार शब्द येथे लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

तांबे सर्वत्र आहे; पण भूकवचाच्या दहा लक्ष भागांत ते सरासरी सुमारे ५० भागच असते. खाण परवडावयाची तर ते साधारणतः शंभरपट एकवटले पाहिजे. हे कार्य ज्वालामुखीच्या खाली घडते. भूगर्भातील वितळलेला शिलारस काही किलोमीटर खोलीवर थबकून सावकाश निवू लागला, की त्यात विरघळलेले पाणी बाहेर पडते. हे अतितप्त पाणी खारट व गंधकयुक्त असल्याने तांबे, सोने आपल्याबरोबर घेऊन निघते. त्याच्या दाबाने माथ्यावरचा खडक तडकतो. भेगांतून चढताना पाणी थंड होते आणि तांबे गंधकाशी संयोग पावून तेथेच साचते. चिली देशातील चुकिकामाता येथील प्रचंड तांबे अशाच रीतीने साठले.

मग सहजच प्रश्न उद्भवतो. आपल्या बारडोलीची काळी जमीनही ज्वालामुखीच्याच पाषाणाची झीज होय. सोनगडकडील डोंगरही त्याच पाषाणाचे. मग येथे तांब्याच्या खाणी का नाहीत? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा लांबच लांब भेगांतून वर आला व लाखो चौरस किलोमीटरांवर पसरून गोठला. त्यात पाणी अल्प होते. त्यामुळे धातू गोळा करून आणणारा वाहकच मिळाला नाही. पै-पैने घरोघरी वाटलेल्या भांडवलातून पेढी उभी राहत नाही, तसेच हे झाले.

अपवाद मात्र फार दूर नाही. नर्मदेच्या उत्तरेस, छोटाउदेपूर भागातील आंबाडुंगर येथे त्याच सुमारास कार्बोनेटयुक्त असा निराळा शिलारस वर आला. तेथील तप्त द्रवांनी फ्लुओरस्पारचा मोठा साठा निर्माण केला; विरल मृदा धातूही तेथे आढळतात. सुखेश्वाला व उदास या भूशास्त्रज्ञांनी १९६३ साली या खडकाविषयी लिहिले. फ्लुओरस्पार पोलाद गाळण्यास उपयोगी पडतो, तर विरल मृदा धातू विजेच्या मोटारींतील चुंबकांसाठी लागतात.

तात्पर्य, विहीर खणताना चकाकणारा खडा हाती आला, म्हणून कोणी हुरळून भांडवल गुंतवू नये; आधी भूशास्त्रज्ञास दाखवावा. बारडोलीस त्या अग्नीने खाण दिली नाही, पण कापूस व ऊस पिकविणारी माती दिली. आपल्या गावाची खरी शिल्लक तीच होय.