पात्याचा टवका आणि गालाचा चटका

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा जंक्शनबाहेरच्या एखाद्या सलूनमध्ये दाढीला बसलात, तर कारागिराच्या हाताकडे बघा. कागदात गुंडाळलेलं पातं तो उघडत नाही, कागदासकट मधोमध वाकवतो. कट्! दोन तुकडे. अर्धं वस्तऱ्यात जातं. पोलाद असं बिस्किटासारखं मोडतं, कारण ते अतिशय कडक आहे आणि म्हणूनच ठिसूळ. माणसाच्या केसापेक्षा हे पोलाद साधारण पन्नासपट कठीण. तरीही काही दाढ्यांनंतर तेच पातं ओढायला लागतं, आपण तोंड वाकडं करतो आणि ते टाकून देतो. पन्नासपट मऊ वस्तूनं पोलादाला हरवावं हे झालं कसं?

केसावर घासून घासून धार गोल होत असेल, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जानलुका रोस्चोली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. गड्यानं स्वतःची दाढी केली आणि पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. धार फारशी झिजलेली नव्हती, तिचे बारीक बारीक टवके उडाले होते. मग त्यानं सूक्ष्मदर्शकाच्या आतच केस कापणारं छोटं यंत्र बसवलं. केस पात्याला काटकोनात सरळ भिडला, तर धारेला काही होत नाही. तो वाकला, तिरपा झाला, की पात्याची कड एका बाजूला ढकलली जाते. पोलादातले सगळे कण सारखे नसतात. कडक कणाला लागून थोडा मऊ कण आला, की नेमक्या त्या सांध्यावर तडा जातो आणि टवका निघतो. 2020 साली हे ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं.

आता कारागिराचा अंगठा बघा. तो गालाची कातडी वर ताणून धरतो. कातडी सपाट होते, खुंट ताठ उभे राहतात, वाकायला त्यांना जागाच कमी मिळते. सूक्ष्मदर्शकातून न बघता हा अंगठा कितीतरी पिढ्या बरोबर जागी पडतोय, याचं मला त्या प्रयोगाइतकंच नवल वाटतं.

अंगठ्याआधी पाण्याचं काम. केस आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी पितो, फुगतो आणि कापायला सोपा जातो. मात्र त्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. ब्रश गोल गोल फिरवत कारागीर गावगप्पा मारतो ना, तो वेळ वाया जात नाही. घरी आपण नेमकी इथेच घाई करतो. मराठवाड्यात बेसाल्ट खडकातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, त्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून पांढरा साका धरतं आणि फेस बसतो. याच क्षारांचे थर वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरमध्ये धरायचे. पूर्णेसारख्या रेल्वेच्या गावात हे वेगळं सांगायला नको. पाणी उकळून घेतलं की क्षार बरेचसे तळाशी बसतात, फेसही चांगला होतो.

केसांच्या दिशेविरुद्ध, उलट्या हातानं दाढी करायचा मोह मात्र आवरावा. केस कातडीच्याही खाली कापला जातो, आणि कुरळा असेल तर वाढताना आतच वळतो. मानेवरच्या पुटकुळ्या बहुधा त्याच. त्यांवर मेडिकलमधून स्टिरॉइडचं मलम आणून चोळणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि नवं पातं आपल्यासमोर मोडायला सांगायला लाजू नका: हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस तग धरू शकतो.

कापलं, की तुरटी. पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवतात तोच खडा. हंड्यात तिच्यातलं अॅल्युमिनियम मातीच्या कणांना एकत्र आणून खाली बसवतं. गालावर ते रक्तातल्या प्रथिनांना गोठवतं आणि कातडी आकसवतं. हंड्यात काय आणि गालावर काय, विखुरलेलं गोळा करायचं, एवढंच तिचं काम. फक्त शंभर गालांवरून फिरलेला एकच खडा आपल्या जखमेवर नको. तुरटी स्वस्त आहे, स्वतःची ठेवावी.

शेवटी आफ्टरशेव्ह, म्हणजे मुख्यतः अल्कोहोल. मिरचीचा तिखटपणा ज्या ग्राहकामुळे (रिसेप्टरमुळे) आपल्याला आगीसारखा जाणवतो, त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021चं नोबेल वाटून मिळालं. हा ग्राहक एरवी 42 अंशांच्या आसपास ‘भाजतंय’ म्हणून ओरडतो. मे महिन्यात परभणी जिल्ह्याला हा आकडा काही परका नाही. अल्कोहोल लागलं, की तोच ग्राहक 34 अंशांवरच ओरडू लागतो, आणि आपलं अंग तर 37 अंशांचं. म्हणजे गालाला चटका बसतो तो स्वतःच्याच उबेचा! बाटलीतलं द्रव्य उडून जाताना कातडी उलट गारच करत असतं. झोंबलं म्हणजे जंतू मेले, असं मानून दात-ओठ खाणाऱ्यांनी खुशाल खावेत. बाकीच्यांना गार पाण्याचा हबका आणि थोडं साधं मॉइश्चरायझर पुरतं.